पडद्यातून उतरलेले कोकरू

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. तीन सेलची, पितळी अंगाची आणि गळ्याशी जराशी चेपलेली. हल्लीची मुले मला टॉर्च म्हणतात. म्हणू देत बापडी. कवठे महांकाळच्या सोनतारा टॉकीजमध्ये डोअरकीपर इमाम यांच्या हातात माझी उभी हयात गेली आणि तिथे लहानथोर सगळे मला बॅटरीच म्हणत आले.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते सांगलीच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात. लालासाहेब तेव्हा फौजेतून सुभेदार होऊन नुकतेच घरी आले होते आणि गावात टॉकीज काढण्याचे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांनी भर दुपारी मला उचलले, स्वतःच्या तळहातावर उजेड पाडून पाहिला आणि ‘चालेल’ म्हणाले. फौजेतला माणूस, एकच गोष्ट दोनदा बोलत नसे. त्याच संध्याकाळी मी इमामच्या हाती आले. इमाम तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता आणि मला पाहून त्याची छाती अशी फुगली की, जणू टॉकीजची मालकीच त्याला मिळाली!

लालासाहेबांनी त्याला एकच गोष्ट शिकवली. उजेड पायाशी टाकायचा, माणसाच्या तोंडावर कधी नाही. अंधारात बसलेला माणूस हसतो आहे की रडतो आहे, ही त्याची खासगी बाब. इमामने ती शिकवण गाठीला बांधली. एकदा तर तालमीतला एक अवाढव्य पैलवान नायिकेच्या मरणावर हुंदके देत होता. आम्ही नेमके त्याच्या रांगेशी पोहोचलो. इमामने मला चटकन विझवले आणि अंधारात चाचपडत पुढे निघून गेला. मला त्या दिवशी माझ्या विझण्याचाही अभिमान वाटला.

काय दिवस होते ते! उशिरा आलेल्या नवरानवरीला मी जागा दाखवली, खुर्चीखाली पडलेल्या कुड्या शोधल्या, शेंगदाण्याच्या टरफलांत हरवलेली बाळाची टोपडी शोधून दिली. शिट्ट्या फार झाल्या की मी नुसती दारात चमकले तरी पुरे. ‘गप बसा रं, इमामची बॅटरी आली’ असे पोरे कुजबुजत. गावात आमदाराला नसेल एवढा माझा दरारा होता.

मग माणसांच्या खिशात मोबाइल आले. ज्याच्या त्याच्या हातात दिवा, मग मला कोण विचारतो? खेळही कमी झाले. लालासाहेब गेले, टॉकीजमध्ये सिनेमापेक्षा लग्नेच जास्त लागू लागली आणि मी तिकीटखिडकीच्या खणात पडले. पोटातले सेल पाझरले. आतून अंगाला हिरवा गंज चढला. कुणी म्हणेल, वस्तूला कसले दुःख? त्याने एकदा अंधाऱ्या खणात पडून पाहावे, तेही उजेड देण्याचे काम येत असताना.

माझे नशीब उघडले ते लालासाहेबांच्या नातवामुळे. ऋषिराज त्याचे नाव. पुण्याची नोकरी सोडून आला आणि ‘टॉकीज मीच चालवणार’ म्हणून हटून बसला. नवे यंत्र आणले, भिंतीभिंतीला नवे स्पीकर लावले. आवाज कसा चारी बाजूंनी घुमतो, हे तो चहावाल्यालाही ऐकवून दाखवी. पहिला मोठा खेळ त्याने शाळेच्या मुलांसाठी ठरवला. आपल्याच माळरानावरच्या जनावरांचा माहितीपट होता, ‘लेकरं माळाची’ नावाचा. घरातल्या मोठ्या माणसांनाही घेऊन या, असे शाळेने सांगितले होते.

“चाचा, आत मोबाइलचे दिवे नकोत हं,” ऋषिराज इमामला म्हणाला. “पडदा फिका पडतो.”

“मग हाय की आपली म्हातारी,” इमाम म्हणाला आणि त्याने खण उघडला.

आता इमामही आजोबा झाला होता, मिशा पांढऱ्या. त्याने गंज खरवडला, लिंबाची फोड फिरवली, नवे सेल घातले आणि बटण सरकवले. मी लागले! त्याची पाच वर्षांची नात जीनत शेजारी उभी होती, तिने टाळ्या पिटल्या. मित्रांनो, त्या टाळ्या मी जन्मभर विसरणार नाही.

टॉकीजच्या मागच्या अंगाला एक रान आहे. ज्वारी निघाली होती आणि मालकाने खतासाठी त्यात मेंढरे बसवली होती. मेंढरांचा धनी आकाराम आणि त्याची बायको दिवसा कळप घेऊन माळावर जात. लांब चालता न येणारी कोवळी कोकरे मात्र मागे राहत, वाघरीत. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती दोरीची जाळी. त्या कोकरांची राखण आकारामच्या आईकडे, राहीबाईकडे होती. आकारामची मुलगी दीपमाला गावात मावशीकडे राहून शाळा शिकायची. खेळाच्या दिवशी ती धावत आली आणि आजीचा पदर ओढू लागली.

“मला कशाला गं सिनेमा? जनावरं तर मी रोजच बघती,” राहीबाई म्हणाली. “आन् कोकरं कुणाच्या जिवावर सोडू? सांजच्याला त्यांच्या आया आल्या म्हंजी एकेकीला तिचं लेकरू द्यावं लागतंय.”

इमाम दाराशीच उभा होता. “आक्का, एका भिंतीचा तर फरक हाय. कडंच्या दाराजवळ बसा, दार जरा उघडं ठेवतो. कोकरू खोकलं तरी तुम्हाला ऐकू यील.”

हे मात्र तिला पटले. तिने वाघरीचे खुंट हलवून पाहिले, कोकरांना दोन शब्द सुनावले आणि नातीचा हात धरून आत आली. बाजूचे दार वीतभर उघडे राहिले. आतला आवाजही त्याच फटीतून बाहेर जाणार, हे त्या दोन शहाण्या म्हाताऱ्यांच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही.

टॉकीज पोरांनी गच्च भरली. जीनत लहान, चेंगरायला नको म्हणून इमामने तिला मागच्या फॅमिली बॉक्समध्ये एकटीलाच बसवले. तीन भिंती आणि पुढे अर्धे दार असलेली ती छोटी खोली तिला घरासारखी होती.

खेळ सुरू झाला. चंडोल पक्षी आभाळात गात चढला तशी पोरे माना वर करून छताकडे पाहू लागली. खोकडाची पिल्ले बिळातून डोकावली तेव्हा सगळी टॉकीज ‘आई गं!’ म्हणाली. राहीबाई दीपमालाला हळूच सांगत होती, “ह्यो आपल्या ढालगावच्या माळासारखाच हाय गं.” तिचा पदर डोक्यावरून कधी घसरला, तिला कळले नाही.

आणि मग लांडगीण आली. अंगावर बरगड्या दिसत होत्या. ती टेकडीवर उभी राहिली, मान वर केली आणि तिने हेल काढला. ऋषिराजच्या नव्या स्पीकरांनी तो हेल चारी भिंतींतून घुमवला. पोरे खुर्चीला चिकटली. पुढच्याच क्षणी ती पोट जमिनीला लावून मेंढरांच्या एका कळपाकडे सरकू लागली.

राहीबाई ताडकन उठली. “हाणा तिला! मुडदा बशीवला तुझा! कुत्री कुठं गेली रं तुमची?” असे ओरडून तिने तोंडाला हात लावला आणि जन्मभर कोकरांना जवळ बोलावण्यासाठी घालते ती हाळी घातली. “हिर्रर्र, ये ये ये ये!”

सगळी टॉकीज हसली. टाळ्या पडल्या. राहीबाई लाजून खाली बसली.

पण भिंतीपलीकडे, मित्रांनो, काय झाले असेल ते ध्यानात घ्या. वाघरीतल्या कोकरांनी आधी लांडग्याचा हेल ऐकला आणि पाठोपाठ आपल्या म्हातारीची हाळी. त्यांनी म्हातारीचे ऐकले. जाळी आडवी झाली, बाजूच्या दाराची फट मोठी झाली आणि कोकरांचा लोंढा अंधारात टॉकीजमध्ये शिरला.

खुर्च्यांखालून बें बें सुरू झाले. पडद्यावरही मेंढरेच होती. त्यामुळे प्रेक्षकांना वाटले, हा सगळा नव्या स्पीकरांचा प्रताप!

“आयला, पायाखालनं आवाज येतोय! लय भारी!” मधल्या रांगेतला एक बाप म्हणाला.

“वासबी सोडलाय गड्या,” शेजारचा म्हणाला. वर यंत्राच्या खोलीत ऋषिराजची छाती फुगली.

राहीबाई मात्र दगडासारखी झाली. “इमामभाई,” तिने दारापाशी येऊन इमामचे मनगट धरले, “ही माझी हायती. ह्यो काळीच्या कोकराचा आवाज, ह्यो बांडीच्या. आत आल्यात समदी.”

“दिवे लावायला सांगतो.”

“नगं, नगं! दिवं लागलं म्हंजी पोरं धरायला धावतील. बुजली तर म्होरल्या रस्त्याला जातील. वरनं गाड्यांची ही वर्दळ. भुरीचं कोकरू तर परवाच झालंय, त्याला धड पळताबी येत न्हाई. आवं, सांजच्याला मी त्यांच्या आयांना काय तोंड दावू?”

इमामने आधी पुढच्या दारांच्या कड्या लावल्या, बाजूचे दार सताड उघडले आणि मला जमिनीलगत धरले. मी खुर्च्यांखाली उजेड टाकला. हिरवे हिरवे डोळे एकदम लकाकले. इकडे दोन, तिकडे चार. एक पठ्ठ्या तर कुणाच्या तरी पिशवीतली भाकरी हुंगत होता.

पुढच्या रांगेतल्या मुलीच्या पायाला मऊ काहीतरी घासले. ती किंचाळणार तोच दीपमालाने तिच्या कानाशी सांगितले, “कोकरू हाय. पाय वर घे, मागं सांग.” मग ती कुजबुज एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेली. मी आजवर कितीएक गर्दीचे खेळ पाहिले, पण असे दृश्य पाहिले नव्हते. सगळी टॉकीज मांडी घालून खुर्च्यांवर बसली होती, बाप्ये, बाया, गुरुजीसुद्धा. डोळे पडद्यावर आणि पाय वर! खालच्या मोकळ्या वाटेवर मी उजेडाची पट्टी अंथरली. राहीबाई जिभेने टक् टक् असा हलका आवाज करत पुढे निघाली आणि तिच्यामागून कोकरे मुकाट बाहेर पडू लागली.

दाराशी पोहोचल्यावर तिने एकदा मागे वळून पडद्याकडे पाहिले. लांडगिणीला मेंढरू मिळाले नव्हते. ती लंगडत बिळाशी आली होती आणि तिची पिल्ले तिचे रिकामे तोंड चाटत होती. राहीबाई थबकली.

“बाळंतीण हाय की गं ती,” ती पुटपुटली आणि पदर सावरून बाहेर गेली.

वाघर पुन्हा उभी केली. राहीबाईला आकडे येत नाहीत, ती आईच्या नावाने कोकरे मोजते. काळीचं आहे, बांडीचं आहे, कानफाटीचं आहे. भुरीचं नाही! तिने पुन्हा मोजले. भुरीचं नाहीच.

खेळ संपला, पोरे नाचत घरी गेली. ऋषिराज वरून धावत उतरला आणि खरी हकिकत कळल्यावर आधी ओशाळला, मग बाह्या सारून शोधायला लागला. खुर्च्यांखाली पाहिले, पडद्यामागे पाहिले, जिन्याखाली पाहिले. मागचा बॉक्स बंद होता आणि जीनत पोरांबरोबर घरी गेली असेल, असे इमामने धरले होते. कोकराला काही कडी लावता येत नाही, म्हणून तिकडे कुणी पाहिले नाही.

तेवढ्यात रानात कळप उतरला. दिवसभर दूर असलेल्या आया आणि लेकरे एकमेकांना हाका मारू लागली, कान किटून गेले. एकेक मेंढी आपले कोकरू हुंगून शांत होत गेली. शेवटी एकटी भुरी ओरडत राहिली. वाघरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायची, उभी राहायची, पुन्हा ओरडायची.

“आये, कोकरं सोडून तू सिनेमाला गेलतीस?” आकाराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि नवल जास्त होते. राहीबाई भुरीकडे पाहत नव्हती. तिला पाहवत नव्हते.

आणि त्याच वेळी इमामची बायको दिलशाद रस्त्यावरून आली. “आवं, जीनत कुठाय?”

“तुझ्याकडं आली न्हवं?” इमाम म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला.

त्याच्या मुठीत मी घामाने ओली झाले. तो धावतच आत गेला. मागोमाग दिलशाद, मागोमाग राहीबाई. बॉक्सच्या अर्ध्या दारावरून इमामने मला आत धरले. कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून जीनत बसली होती. जागी, टक्क जागी. आजीच्या ओढणीत काहीतरी गुंडाळून छातीशी धरले होते आणि ओढणीतून दोन इवले कान बाहेर आले होते. दाराची कडी तिनेच आतून लावली होती.

“दादा, हळू बोला,” ती आजोबांना म्हणाली. “लांडगा गेला?”

इमामने हात आत घालून कडी काढली. “अगं बाळा, लांडगा कुठला? तो नुसता उजेड असतो पडद्यावर. खरा नसतो.”

“मग ह्ये कसं आलं?” जीनतने ओढणी दाखवली. “पडद्यातनं उडी मारून माझ्याकडं आलं. ह्ये येतंय तर लांडगापण यील.”

इमाम माझ्याकडे पाहू लागला, जसे काही मलाच ठाऊक असावे. बाहेरून भुरीचा आवाज येत होता. कोकराने मान उचलली, पण जीनतने ते आणखी घट्ट धरले. हिसकावून घेतले तर तिची भीती मनात कायमची बसणार आणि ठेवले तर भुरी रात्रभर रडणार.

राहीबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. “गेला गं बाय,” ती म्हणाली. “म्या जाताना बघितला. त्याची बी लेकरं बिळात वाट बघत हुती.”

“उपाशी?”

“व्हय. उपाशी.”

जीनतने कोकराकडे पाहिले, मग म्हातारीकडे. “मग ह्ये त्याला द्यायचं का?”

राहीबाईने बाहेरच्या दिशेला बोट दाखवले. “न्हाई बाय,” ती म्हणाली, “ह्येची बी आई रडतीया. ऐक.”

जीनतने ऐकले. मग तिने आपणहून ओढणी सोडली.

पण भुरीचे मन काही लगेच निवळेना. मेंढी आपले लेकरू वासाने ओळखते, आणि या लेकराला खोबरेल तेलाचा आणि दिलशादच्या अत्तराचा वास येत होता! भुरीने हुंगले, फुरफुरली आणि मागे सरली. कोकरू कासेकडे गेले, तिने त्याला ढुशी दिली. तेव्हा राहीबाईने भुरीला गुडघ्यात धरले, तिच्याच दुधाच्या दोन धारा कोकराच्या पाठीवर आणि शेपटीवर पिळल्या, हाताने चोळल्या आणि बाजूला झाली. भुरी पुन्हा जवळ आली. हुंगले. थांबली. मग तिने एकदा चाटले, आणखी एकदा चाटले. थोड्या वेळाने कोकराची शेपटी अशी काही थरथरू लागली की आकाराम मोठ्याने हसला आणि जीनत आजोबांच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवू लागली.

मित्रांनो, आता मी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते आणि दर रविवारी लहान मुलांच्या खेळाला कामावर जाते. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण कुठल्या तरी खणात असेल. तिला फेकू नका. निदान तिच्या पोटातले सेल तरी काढून ठेवा, ते फार जाळतात. अंधारात नेमके कुणाला शोधायची वेळ येईल, हे आधी कुणाला कळते?

त्या संध्याकाळची एकच गोष्ट सांगायची राहिली. दिवस बुडाला तशी राहीबाई वाघर बांधायला उठली आणि गाठी दिसाव्यात म्हणून इमामने मला तिच्या हाताशी धरले. आकाराम मला मागाहून हसत सांगत होता, म्हणजे सांगत होता इमामला, की आई रोज प्रत्येक गाठीला लांडग्याच्या नावाने एक शिवी हासडते. तिच्या सासूचीही तीच रीत होती. त्या दिवशी राहीबाईने सगळ्या गाठी रोजच्यापेक्षा घट्ट मारल्या, ओढून ओढून पाहिल्या. शिवी मात्र एकही दिली नाही.